उजवीकडे फिरणारी गाय

चंद्रव्वाच्या दुधात पाण्याचा थेंब नसायचा, हे मी कुठल्याही देवळात उभी राहून शपथेवर सांगेन. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कॉलनीत दूधवाले आले आणि गेले, पण तिच्या दुधावर जी साय धरायची ती उलथन्याने उचलावी लागे. "आज जरा पातळ वाटतंय," असं कुणी गमतीनं जरी म्हटलं, तरी दुसऱ्या दिवसापासून त्या दारात तिचं पाऊल पडत नसे. सरळ बाई. सरळ माणसांची मला अलीकडे भीती वाटते, ती तिच्यामुळेच.

ती राहायची जवळच्या कुंभारी गावात. ठेंगणी, रुंद हाडाची, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे घरात कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि गाईंशी पुन्हा कन्नडच. "गायींना मराठी कळत न्हाय," हे ती अगदी गंभीरपणे सांगायची.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. आता निवृत्त आहे. आम्ही पद्मशाली, माझ्या वडिलांचा जन्म मागावर गेला, आणि त्यांची मुलगी जंतूंची मास्तरीण झाली याचं चंद्रव्वाला फार हसू यायचं. "बाई, तुमी जंतू शिकवताय म्हंजे काय करताय? पोरी काय घरी नेऊन पाळत्यात का त्यास्नी?" असं विचारून ती माप भरायची, आणि वर चार थेंब जास्तीचे घालायची.

तिची कथा तिनेच मला पायरीवर बसून तुकड्यातुकड्याने सांगितलेली. कोवळ्या वयात ती चनमल्लप्पाची बायको होऊन कुंभारीत आली. सासू खमकी. गोठा भरलेला, पण धार काढली की घागर थेट सोलापूरच्या हॉटेलात जायची. गरोदर सुनेच्या वाट्याला कोरा चहा. चंद्रव्वाची पहिली तीन बाळंतपणं वाया गेली. तिसरं मूल तिने पाहिलं होतं. "उंदराच्या पिलावानी हुतं, बाई. बरगड्या मोजून घ्याव्यात."

चौथ्या खेपेला ती चोर झाली. पहाटे सासू उठायच्या आत गोठ्यात जायची, आचळाखाली तांब्या धरायची आणि तिथेच शेणात उभी राहून घटाघट प्यायची. तापवायला वेळ कुठला आणि चूल कुठली? चोरीचं दूध ते, निरसंच प्यायलं. त्या खेपेला मल्लेश झाला, आणि जगला. तेव्हापासून चंद्रव्वाच्या डोक्यात एक गोष्ट अशी पक्की बसली की ब्रह्मदेवाच्या बापाला निघाली नसती: तापवलं की दुधातला जीव जातो, धारोष्ण दुधात तो असतो, आणि पोटातल्या लेकराला तोच लागतो. धारोष्ण दुधात जीव असतो हे काही खोटं नव्हतं. कोणता असतो, ते तिला ठाऊक नव्हतं.

पुढे नवरा गेला, सासू गेली, मल्लेश चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात चिकटला. त्याचं लग्न करकंबच्या दानेश्वरीशी झालं. बरीच वर्षं पाळणा हलेना. गावाने तोंडं वाकडी केली, पण चंद्रव्वा सुनेला कधी वावगा शब्द बोलली नाही, हे मी पाहिलेलं आहे. "माजी तीन गेली तवा मला काय काय बोलल्यात, मला म्हाईत हाय," एवढंच म्हणायची. आणि अखेर दानेश्वरीला दिवस गेले, तेव्हा ही बाई आमच्या सगळ्या कॉलनीला साखर वाटत फिरली.

त्या दिवसापासून रोज सकाळी गाईखाली पेला धरायचा आणि तो फेसासकट सुनेच्या ओठाला लावायचा. समोर उभं राहून. एक थेंब ठेवायचा नाही. सासू सुनेला स्वतःच्या हाताने दूध पाजते, हे कौतुक कुंभारीत घरोघर झालं.

दानेश्वरीला त्या वासानेच ढवळून यायचं. एकदा ती चंद्रव्वाबरोबर दवाखान्यात जाताना माझ्याकडे टेकली होती, तेव्हा सासू शेजारी दूध घालायला गेल्यावर हळूच म्हणाली, "कोमट आस्तंय, बाई. आनि गायीच्या अंगाचा वास येतुय. मी नाक दाबून पिते." मी म्हटलं, "मग सांग ना त्यांना, उकळून द्या म्हणावं." ती हसली. "अत्ती किती जीव लावत्यात. त्यास्नी न्हाय कसं म्हणू?" सासूला ती कन्नड रीतीने अत्ती म्हणायची.

मी स्वतः चंद्रव्वाला सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. निरसं दूध गरोदर बाईला देऊ नये, त्यातून काय काय होतं, सगळं. तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, "माजा मल्ल्या काय उकळल्याल्या दुधावर झालाय व्हय?" एक उदाहरण डोळ्यांसमोर हिंडत असलं की त्यापुढे पुस्तकाची काय किंमत! पालथ्या घड्यावर पाणी.

त्या उन्हाळ्यात वैरण महागली आणि मल्लेशने कुठूनशा मुरघासाच्या पिशव्या आणल्या. हिरवा मका बारीक कापतात, दाबून दाबून पिशवीत भरतात, हवा अजिबात जाऊ देत नाहीत. तो आंबतो आणि महिनोन्महिने टिकतो. चांगल्या मुरघासाला आंबूस, गोडसर वास येतो आणि जनावरं त्यावर तुटून पडतात. पण पिशवी फाटली, आत हवा आणि माती गेली, की आंबणं बिघडतं आणि नको ते वाढतं. एका पिशवीला घुशीने भोक पाडलेलं होतं. चंद्रव्वाने वरचा काळा थर हाताने ओरबाडून उकिरड्यावर टाकला आणि खालचा चांगला दिसणारा गौरा नावाच्या गाईपुढे ठेवला. टाकायचा कसा? गाईचं असलं तरी अन्नच ते. कुंभारीत कुणीही हेच केलं असतं.

श्रावणात गौराची मान कलली. एक कान लोंबायला लागला, तोंडातून लाळ गळू लागली, आणि दावं सोडलं की ती गोल फिरायची. चंद्रव्वाच्या गोठ्यासमोर कडुलिंबाखाली बसवण्णाचा कट्टा आहे. छोटासा दगडी नंदी, तेलाने काळाभोर झालेला. गाय त्या कट्ट्याभोवती फिरू लागली. थांबवली तरी पुन्हा फिरायची. आणि त्यात भर म्हणजे वार सोमवार.

ती उजवीकडे फिरत होती. नंदी उजव्या हाताला ठेवून, अगदी शास्त्राला धरून. सगळा घात इथे झाला. हा रोग मेंदूच्या ज्या अंगाला धरतो त्या अंगाला जनावर वळतं, एवढीच गोष्ट. जंतू डाव्या अंगाला चढला असता तर गाय डावीकडे फिरली असती, बसवण्णाला उलटे फेरे पडले असते, चंद्रव्वाने अपशकुन म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती आणि तासाभरात गुरांचा डॉक्टर दारात आणला असता. गाय उजवीकडे फिरली, म्हणून डॉक्टरऐवजी नारळ आले.

बाया आल्या, हळदकुंकू आलं, फोन वर करून चित्रफिती काढणारी पोरं आली. जंगम स्वामी आले आणि त्यांनी गाईच्या कपाळाला विभूती लावली. बसवण्णाला प्रदक्षिणा घालणारी गाय बघायला हद्दीपलीकडून, कर्नाटकातूनही लोक गाड्या करून आले. चंद्रव्वाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. सून गरोदर, महिना श्रावणाचा आणि देव दारात. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की गौराचं दूध आता एकही थेंब विकायचं नाही. ते सगळं दानेश्वरीला. गाय पोटाला नीट खात नव्हती, दूध आटत चाललं होतं, जेमतेम पेलाभर निघायचं. तो पेला प्रसादाचा झाला.

हे मला कळलं ते आमच्या कामवाल्या बाईच्या फोनवर ती चित्रफीत पाहिली तेव्हा. लोंबता कान पाहिला आणि रोग ओळखला. तशीच रिक्षा करून कुंभारीला गेले. गर्दीत घुसून चंद्रव्वाला म्हटलं, "ही प्रदक्षिणा नाही. गाय आजारी आहे, तिच्या मेंदूला रोग झालाय. हिचं दूध दानेश्वरीला पाजू नका. तुमच्या पाया पडते."

शेजारची गुरम्मा म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "बाई, कट्ट्याजवळ हायसा. चप्पल काढून बोला की."

मी चप्पल काढली आणि पुन्हा तेच सगळं बोलले. बाया हसल्या. चंद्रव्वा हसली नाही. ती मला हाताला धरून बाजूला घेऊन गेली आणि अगदी मायेनं म्हणाली, "बाई, तुमी तुमच्या पोरींना शिकवा. माज्या दारात देव आलाय, त्येला रोग म्हणू नगा. मला लई वाईट वाटतंय." मग ती गाईखाली बसली, धार काढली, आणि पेला सुनेकडे नेला. दानेश्वरीने माझ्याकडे पाहिलं. मग सासूकडे. मग भोवतीच्या पन्नास बायांकडे. आणि प्यायली.

पेला खाली ठेवायच्या आत ती ओकली. बसवण्णाच्या पायरीवर, हळदकुंकवावर, सगळ्यांच्या देखत. कुणीतरी "यव्वा!" म्हणून किंचाळलं. गुरम्मा म्हणाली, "परसाद वकली. देवानं दिल्यालं तोंडातनं टाकलं हिनं." चंद्रव्वाचा चेहरा पांढरा पडला. तिने पायरी स्वतः धुतली, सुनेला नाक घासायला लावलं, आणि गाईखाली बसून पुन्हा जे काय निघालं ते काढलं. त्या दुसऱ्या पेल्याच्या वेळी तिने दानेश्वरीच्या तोंडावर पदर दाबून धरला. ते दूध पोटात राहिलं.

मी घरी येऊन सरकारी दवाखान्यातल्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते आले तोवर गौरा आडवी झाली होती, पडल्यापडल्या पाय मारत होती, जणू अजून फिरतेच आहे. डॉक्टरांनी सांगितलं, दूध फेकून द्या, मुरघास पुरा, हात धुवा. चंद्रव्वाने सगळ्याला व्हय व्हय म्हटलं. दुसऱ्या दिवशी गाय मेली. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, तशी त्या गाईलाही बसवून पुरली, मीठ, बेल आणि विभूती घालून. त्या जागेवर समाधी बांधायचं ठरलं.

नंतर कधीतरी दानेश्वरीला कणकण आली. पाठ दुखली, अंग दुखलं. गल्लीतल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, ताप उतरला, ती पुन्हा भाकरी थापायला लागली. हा जंतू आईला असाच वागवतो. तिला तो फारसा काही करत नाही. त्याला तिच्यात राहायचं नसतंच, तिच्यातून पुढे जायचं असतं.

कुबसा झाला. कुबसा म्हणजे डोहाळजेवण, पण माहेरची माणसं हिरवी साडी-चोळी घेऊन येतात ते. करकंबहून तिचा भाऊ ईरप्पा आला, ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगांच्या पोळ्या आणि पाच फळं घेऊन. मलाही बोलावणं होतं. चंद्रव्वाने सुनेला पाटावर बसवून दृष्ट काढली, आणि काढताना एकदा माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, वेळेच्या आधी, दानेश्वरीचं पोट दुखायला लागलं. सोलापुरातल्या एका दवाखान्यात मुलगा झाला. मेलेलाच. अंगभर ज्वारीच्या कण्यांएवढे पांढरट पिवळे फोड होते, पाठीवर, हातावर, पापण्यांवरसुद्धा. नर्सने कापडात गुंडाळून दिला. चंद्रव्वाने कापड उघडलं. मी शेजारी होते. तिने त्या पोराच्या दंडाला बोट लावून पाहिलं, मांडी चिमटीत धरून पाहिली, आणि म्हणाली, "अंगानं भरल्यालं हाय की, बाई. हाड लागत न्हाय हाताला." मल्लेशनंतर पहिल्यांदा त्या घरात मूल भरल्या अंगाने आलं होतं. दूध अंगी लागलं होतं.

तिथल्या डॉक्टरबाई हुशार निघाल्या, त्यांनी बाळामागून पडलेली वार तपासायला पाठवली. ज्या लॅबमध्ये पाठवली तिथे समरा शेख काम करते. माझी विद्यार्थिनी. तिचा फोन आला, "मॅडम, लिस्टेरिया आलाय. तुमचा आवडता." बिचारीला माहीत नव्हतं ते कुणाचं पोर होतं. मी गेले. तिने मला खुर्ची दिली, सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला, आणि मी त्या कोलांट्या मारणाऱ्या बारीक काड्या पाहिल्या. माझा आवडता होता तो, हे खरं आहे. दरवर्षी हा धडा मी सगळ्यात रंगवून शिकवायची.

सांगायला सोपा आहे. हा जंतू पोटात गेला की आतड्याच्या पेशीत शिरतो. पेशी त्याला एका पिशवीत कोंडते, तो पिशवी फोडून मोकळा होतो. आता तो पेशीच्या आत आहे, पण अंगातल्या उबेत त्याच्या पोहायच्या शेपट्या गळालेल्या असतात, म्हणजे पाय नाहीत. बाहेर पडावं तर रक्तातले राखणदार टपलेले. मग तो काय करतो? पेशीच्या आत ॲक्टिन नावाचे बारीक धागे असतात. पेशीचा आकार, तिचं हलणं, सगळं त्या धाग्यांवर. पेशी ते लागेल तसे जोडते, लागेल तसे सोडवते. जंतूपाशी एक जनुक आहे. एकच. त्या जनुकावरून जे प्रथिन बनतं ते जंतूच्या एका टोकाला जाऊन बसतं आणि पेशीच्या कारागिरांना हुकूम देतं, हितं धागा जोडा. आणि ते जोडतात! त्यांना वाटतं मालकिणीचंच काम चाललंय. मागे धागे वाढत जातात, जंतू पुढे ढकलला जातो, भिंतीवर जाऊन आदळतो, भिंत शेजारच्या पेशीत बोटासारखी घुसते, आणि शेजारीण तो घास गिळते. असा तो घरातल्या घरात, भिंतीमागून भिंतीत जातो, उघड्यावर येतच नाही. राखणदार दाराशी उभे ते उभेच. सूत घरचं, माग घरचा, कामगार घरचे. मी वर्गात हे नेमकं असंच सांगायची, कारण सोलापूरच्या पोरींना ते चटकन कळायचं. मग पडद्यावर त्याची चित्रफीत दाखवायची, मागे धाग्यांचा पिसारा आणि पुढे तो पळतोय. पोरी म्हणायच्या, "मॅडम, कसला भारी!" आणि मी म्हणायची, ते एक जनुक काढून टाकलं की हाच जंतू आहे त्या पेशीत नुसता बसून राहतो, त्याला शेजारी जाता येत नाही, आणि प्रयोगातले उंदीर मरत नाहीत.

दानेश्वरीच्या वारेत तो असाच भिंतीमागून भिंतीत गेला. आणि त्याला कुणी अडवलं नाही याचंही कारण आहे. गरोदरपणात आईचं शरीर आपले राखणदार मुद्दाम थोडे ढिले सोडतं, नाहीतर ते पोटातल्या परक्या जिवावरच धावून जातील. लेकरासाठी उघड्या ठेवलेल्या दारातून तो आत येतो. चंद्रव्वाने त्याच गाईचं दूध चाखलं होतं, तिला काही झालं नाही, आणि तिने ते नंतर शंभरदा सांगितलं. शिकवताना मला हे सगळं फार सुंदर वाटायचं. त्या दिवशी लॅबमध्ये मला त्याची किळस आली, आणि माझ्या त्या टाळ्या मिळवणाऱ्या तासांचीही.

कुंभारीत मात्र निकाल कधीच लागला होता. दानेश्वरीने प्रसाद ओकला, म्हणून देवाने पोर परत घेतलं. गुरम्माने सुरुवात केली आणि गावाने उचललं. वड्याचं तेल वांग्यावर. समाधीला फरशी बसली, दर सोमवारी लोक यायला लागले, आणि येणारा प्रत्येक जण नारळ फोडून झाल्यावर विचारायचा, "ती सून कुठली?" मल्लेश खाली मान घालून कारखान्याच्या गाडीत बसायचा. सवा महिना व्हायच्या आत दानेश्वरीला करकंबला धाडलं. आणायचं कधी, यावर कुणी बोलत नव्हतं. दुसऱ्या स्थळाबद्दल मात्र बोलत होते.

मी चंद्रव्वाला गाठलं ते समाधीपाशीच. ती एकटी होती, निर्माल्य गोळा करत होती. मी तिला सगळं सांगितलं, मुरघासापासून वारेपर्यंत, मागाचं उदाहरण देऊन. या खेपेला तिने मध्ये तोंड घातलं नाही. हातातली फुलं तशीच धरून ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं.

"तापिवलं असतं तर?"

"मेला असता जंतू," मी म्हटलं. "एक उकळी आली असती तर मेला असता."

ती खाली बसली. तिला कळलं होतं. वर्गातल्या हुशार पोरीला कळतं तितकं स्वच्छ कळलं होतं, मी शिकवण्यात जन्म घालवला आहे, मला ते डोळ्यांवरून समजतं. मला वाटलं आता ही रडेल, आणि मग उठेल आणि करकंबला जाईल.

ती म्हणाली, "बाई, हे तुमी मला सांगितलंसा, हितंच ऱ्हाऊ द्या."

"आणि दानेश्वरी? तिच्यावर आळ घेऊन बसलंय सगळं गाव."

"तिचं वय हाय. तिला दुसरं हुईल, न्हाय तर ती दुसरं घर करील." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माजी तीन मेली. ह्ये चवथं मीच मारलं म्हणून मला जगता येत न्हाय, बाई. तिला येईल. ती तरणी हाय."

मला तिचा इतका राग आला की मी तशीच निघून आले. अजूनही आहे तो राग. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, असले प्रश्न मला विचारू नका. त्या जंतूला पेशीच्या घराबाहेरही स्वतःचे पाय लागले नव्हते. अन्न टाकू नये ही शिकवण, देवावरची श्रद्धा, सुनेवरची माया, असल्या चांगल्या चांगल्या धाग्यांवरून तो चालत आला होता. पण शेवटचं हे जे चंद्रव्वाने केलं, ते जंतूने केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दूध घालायला आली. मी दार उघडलं नाही. शेजारी माप ओतताना तिचा आवाज ऐकू आला, "चांगलं उकळून घ्या हां, ताई. एक उकळी येऊ द्या." मग पुढच्या दारात तेच, त्याच्या पुढच्या दारात तेच. सगळ्या कॉलनीला नवल वाटलं, की तापवलेलं दूध मेलेलं म्हणणारी चंद्रव्वा एकाएकी अशी कशी झाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तोंड कुणाचं पोळलं होतं ते मात्र ती कुठल्याच दारात सांगत नव्हती.

मी करकंबला गेले. कुणाला विचारलं नाही, एसटीत बसले आणि गेले. बाजाराच्या दिवशी ईरप्पाच्या खताच्या दुकानात गर्दी होती. त्याने दुकानामागच्या घराकडे बोट केलं. दानेश्वरी आत भिंतीला टेकून बसली होती. पोर गेलं तरी पान्हा फुटलाच होता. छातीला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधलेली होती आणि ती पट्टी ओली होती. मला बघून ती उठायला लागली, मी तिला बसवलं आणि समोर बसले.

मी तिला सांगितलं की तुझा काही दोष नाही. देव कोपला नाही. गाईला रोग होता, तो दुधातून तुझ्या पोटात गेला, तपासणीत तसं निघालंय, आणि उद्या कुणीही विचारलं तरी मी चार लोकांत उभी राहून सांगेन. तिच्या छातीवरचं ओझं उतरेल म्हणून मी एवढ्या लांब आले होते. ती लक्ष देऊन ऐकत होती. बोटाने जमिनीवर काहीतरी रेघा ओढत होती.

"म्हंजे त्या दिशी मी वकले, त्ये पाप न्हवतं?"

"पाप कसलं? तू ओकलीस तेच बरोबर होतं. तेवढंच दूध पोटातून बाहेर पडलं."

तिचं बोट थांबलं. बाहेर दुकानात कुणीतरी युरियाची पोती मोजून घेत होतं, त्याचा आवाज येत होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला काय समजलंय ते माझ्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

"मला तर रोजच उमळून यायचं की, बाई," दानेश्वरी म्हणाली. "रोज येतुय ते बाहीर पडू दिलं आस्तं तर? मीच दाबून धरायची. अत्तीला वाईट वाटू ने म्हून."